पट्टीची शाई : घनवाद्यांच्या सुराचा एक विचार

शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो तेराव्या शतकात, देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने. म्हणजे आपल्याच मुलखात. बावीस श्रुती कानाला पटाव्यात म्हणून त्याने पहिल्या अध्यायात बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेतल्या, एक अचल आणि एक चल, आणि एकेक तार उतरवत नेऊन सुरांमधली अंतरे दाखवली. पुढे वाद्याध्यायात तो घनवाद्यांपाशी येतो : ताल, कांस्यताल, घंटा, क्षुद्रघंटा, जयघंटा, कम्रा, शुक्ती, पट्ट. तारेच्या बाबतीत एका श्रुतीचाही हिशेब ठेवणारा हा ग्रंथकार इथे सुरावटीचा प्रश्नच उपस्थित करत नाही. घनवाद्याचे काम ताल धरणे, एवढ्यावर विषय मिटतो.

ही वाटणी त्याने केलेली नाही. तत, अवनद्ध, घन आणि सुषिर हे चार वर्ग भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आले आहेत. तार आणि फुंकर यांना स्वर. कातडे आणि धातू-लाकूड यांना ताल. आपल्या संगीतविषयक लेखनात ही चौकट इतकी मुरली आहे, की काष्ठतरंगासारख्या वाद्याविषयी लिहिताना ‘मर्यादित’ हे विशेषण आपोआप येते. मर्यादा लाकडाची आहे, असे आपण धरून चालतो. या लेखात मला या गृहीतकाची तपासणी करायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मर्यादा लाकडात नव्हती. कातड्याला सुरात आणण्यासाठी आपल्या कारागिरांनी जे केले, ते लाकडी पट्टीसाठी कोणी केले नाही. जगात इतरत्र ते झाले आणि त्यातून मरिंबा उभा राहिला.

पट्टीच्या पोटातला मध्यम

आधी पट्टी वाजते कशी ते पाहू. सागवानाची साधारण ४० सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर जाड पट्टी घ्या. तिच्यावर रांगोळीची भुकटी भुरभुरा, पट्टी मऊ स्पंजावर ठेवा आणि मध्यभागी हलकेच ठोकत राहा. भुकटी सरकत सरकत दोन आडव्या रेषांवर गोळा होते. या रेषा दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर, म्हणजे या पट्टीत ९ सेंटीमीटरवर येतात. पट्टी वाजताना या दोन जागा स्थिर असतात. आधार द्यायचा तो इथेच आणि दोरी ओवायला भोक पाडायचे तेही इथेच. दुसरीकडे कुठेही धरले तरी आवाज दबतो.

सम जाडीची पट्टी एकच सूर देत नाही. मूळ कंपनाबरोबर तिच्यात दुसरे कंपन उठते, ते मूळच्या २.७६ पट, तिसरे ५.४० पट. आपल्या भाषेत याचा अर्थ असा : पट्टीचा मूळ सूर सा मानला, तर दुसरा सूर तार सप्तकात शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या जवळजवळ मधोमध पडतो. कोणत्याही रागाला नको असलेला हा मध्यम प्रत्येक ठोक्याबरोबर ऐकू येतो. तिसराही त्याच्या वरच्या सप्तकातल्या शुद्ध मध्यमाच्या किंचित चढाच. सा वाजवावा आणि सोबत हे दोन उपरे मध्यम यावेत, अशी ही स्थिती आहे. कानाला त्यातून सूर कळतो, पण तो निर्मळ लागत नाही.

सोलापूर जिल्ह्यात रेल्वे १८६० च्या सुमारास आली, आणि बार्शीची छोटी गाडी १८९७ साली. रुळाचे तुकडे मग शाळाशाळांच्या व्हरांड्यात टांगले गेले. तो टोल म्हणजे पट्टीवाद्यच आहे. त्याचा आवाज दूरवर जातो, पण त्याचा सूर कोणता हे विचारले तर गाणाऱ्या मुलालाही सांगता येत नाही. याचे कारण या बेजोड उपस्वरांत आहे. लोखंडाचा नाद लाकडापेक्षा पुष्कळ रेंगाळतो, त्यामुळे तो गोंधळही रेंगाळतो.

शाई, कणीक आणि मेण

कातड्याची अडचण याहून बिकट होती. गोल ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर १.५९, २.१४, २.३०, २.६५ असे येतात. कशाचाच कशाशी मेळ नाही. म्हणून जगातली बहुतेक चर्मवाद्ये बिनसुराची राहिली. मृदंग आणि तबला मात्र सुरात बोलतात. याचे कारण चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मधल्या टिपणात मांडले आणि १९३४ साली अधिक विस्ताराने दाखवले. पुडीच्या मध्यावर थरावर थर घोटून बसवलेली शाई कातड्याचे वजन अशा रीतीने वाटते, की उपस्वर १, २, ३, ४, ५ अशा तारेसारख्या पटींत येतात. रामन यांनी कारण शोधले. शाई मात्र त्याआधी कित्येक पिढ्या कारागिरांच्या हाताला ठाऊक होती. नाट्यशास्त्रातही पुष्कर वाद्यांना नदीकाठची माती लावून ती ठरावीक स्वरांत मिळवण्याची कृती आहे; तिला तिथे मार्जना म्हटले आहे.

इथे शास्त्राची चौकट आतूनच तडकते, हे लक्षात घेतले पाहिजे. अवनद्ध वाद्ये तालाची म्हणायची आणि त्याच ग्रंथात त्यांना स्वरात मिळवण्याची कृती द्यायची. म्हणजे वर्गीकरणाने कातड्याला स्वर नाकारला, तरी कारागिराने तो मिळवला. घनवाद्याला असा कारागीर भेटला नाही.

पट्टीसाठी शाईचे काम करते ती पोटाची खोदाई. मूळ कंपनात पट्टी सर्वांत जास्त वाकते ती मध्यभागी. दुसऱ्या कंपनात मध्यबिंदू जागचा हलत नाही आणि तिथे वाकही नसतो. म्हणून पट्टी खालून मध्यभागी कमानीसारखी पातळ केली, की मूळ सूर झपाट्याने उतरतो आणि दुसरा त्या मानाने थोडा. दोघांतले अंतर २.७६ वरून वाढत जाते. ते ३ पटींवर थांबवले तर दुसरा सूर तार पंचम होतो. झायलोफोनचे कारखानदार अनेकदा इथे थांबतात. खोदाई आणखी नेऊन ४ पटींवर आणले तर दुसरा सूर अतितार षड्ज होतो. हा मरिंबा. चांगला कारागीर तिसऱ्या उपस्वरालाही १० पटींजवळ आणतो, आणि १० पट म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. तोच गंधार, जो चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणी न छेडता ऐकू येतो. नको असलेले दोन मध्यम गेले आणि त्यांच्या जागी षड्ज आणि गंधार आले. कानशीच्या कामाने एवढे होते. सूर उतरवायचा तर मध्यावर घासायचे, चढवायचा तर टोकांवर.

तबल्याच्या शाईशी हे साम्य माझ्या सोयीचे रूपक नाही. दोन्हीकडे गणित एकच आहे : वजन आणि लवचीकता यांची जागोजाग फेरवाटणी करून उपस्वरांना मेळात आणणे. थायलंडच्या रनात या वाद्यात तर साम्य डोळ्यांना दिसते. त्याच्या एकवीस पट्ट्यांच्या टोकांखाली मेण आणि शिशाचा कीस यांचा गोळा चिकटवून सूर मिळवतात. वारीतला पखवाजी धुमेला कणीक लावतो, पाणी लावून ती कमीजास्त करतो, त्याच हालचालीने.

तरंग नावाचा संच

आपल्याकडे सुरात वाजणारी घनवाद्ये अजिबात नव्हती असे नाही. जलतरंग आहे, काष्ठतरंग आहे. बाबा अलाउद्दीन खाँ यांनी मैहर बँडसाठी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग केला. हे वाद्य मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण मारण्यासाठी ओतलेले पोलाद इथे अनाथ मुलांच्या वाद्यवृंदात सुराला लागले. पण या सगळ्यांच्या नावातला ‘तरंग’ हा शब्द काही सांगतो. तबलातरंगही त्याच कुळातला. तरंग म्हणजे एकेका सुराच्या सुट्या वस्तूंचा संच. चिनी मातीचे वाडगे निवडायचे, पाण्याने मिळवायचे. नळ्या लांबीने कापायच्या. पट्ट्या लांबीने ओळीत मांडायच्या. वादकाचा कान पक्का असतो, निवड उत्तम असते. मात्र वस्तूचे पोट उघडून तिच्या उपस्वरांशी झगडणारा घडवणारा हात यात नाही. नळीचे किंवा सम जाडीच्या पट्टीचे बेसूर उपस्वर तसेच राहतात आणि वादक ते मऊ टोकाच्या काठीने झाकतो.

परिणामी काष्ठतरंगाला मिळालेले काम पाहा. नृत्यनाट्यात पावलांचा ठेका, चित्रपटात पावसाचे थेंब किंवा विनोदी पात्राची चाल. वाद्य दोन-चार सेकंद येते आणि जाते. समीक्षक यावरून निष्कर्ष काढतात की वाद्य गौण आहे. मला उलटा क्रम दिसतो : वाद्य अर्धवट घडले, म्हणून त्याला गौण काम मिळाले. आपली संगीतसमीक्षा गायकाच्या घराण्याविषयी जितके बोलते, त्याच्या शतांशानेही वाद्य घडवणाऱ्याविषयी बोलत नाही. मिरजेच्या सतारमेकरांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांनी कोणता निर्णय का घेतला, हे क्वचितच विचारतो.

देवल, क्लेमंट्स आणि पार्च

एक महाराष्ट्रीय माणूस मात्र वाद्याच्या रचनेला शास्त्राचा प्रश्न मानत होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. तारेच्या मापांनी आणि अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याच्या आधाराने त्यांनी श्रुतींची गुणोत्तरे ठरवण्याचा प्रयत्न केला. त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. त्यातून बावीस श्रुतींची पेटी लंडनमध्ये तयार झाली आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली. ती मान्य झाली नाही. भातखंडे यांना हा मार्ग पटत नव्हता, आणि श्रुती अशा गोठवता येतात का हा आक्षेप आजही निरुत्तर झालेला नाही.

देवलांचे उत्तर चुकले असेल, पण प्रश्न खरा होता. साधी पेटी सप्तकाचे बारा समान तुकडे करते. तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा चढा असतो, अर्धस्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दूर ठेवले, त्या वादात इतर कारणांबरोबर हेही कारण होते. भाषेने मात्र निकाल पेटीच्या बाजूने दिला आहे. गायकाचा सा कोणता हे विचारताना आपण ‘पट्टी कोणती’ असे विचारतो आणि उत्तर ‘काळी एक’ असे येते.

त्याच प्रश्नाशी पुढे अमेरिकेत हॅरी पार्च भिडला. बारा समान सूर नाकारून त्याने सप्तकात ४३ सूर मानले आणि ते वाजवायला तयार वाद्य नाही म्हणून स्वतः सुतारकाम केले. १९४६ चा डायमंड मरिंबा हा त्याच्या विचाराचा नकाशाच आहे : पट्ट्या चौकोनी हिऱ्यासारख्या मांडलेल्या, आडव्या-तिरप्या ओळींत सुरांची गुणोत्तरे. नंतरच्या मरिंबा इरॉइकाची सर्वांत खालची पट्टी सेकंदाला सुमारे २२ कंपने देते. तो सूर कानापेक्षा छातीला कळतो. मागणीप्रमाणे घडवलेल्या मरिंबाचे याहून धाडसी उदाहरण नाही.

पण पार्चवर माझा आक्षेप आहे आणि तो देवलांच्या पेटीलाही लागू पडतो. ही वाद्ये एकेका माणसाच्या सिद्धांताची मूर्त रूपे राहिली. पार्च १९७४ साली गेला. त्यानंतर त्याची वाद्ये एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जपली गेली. ती वाजवायची तर त्याची लिपी शिकायची आणि त्याच्याच संचापाशी जायचे. ग्वाटेमालात नेमके उलटे घडले. आफ्रिकेतून आलेल्या या वाद्याचे नाव आफ्रिकी, हात स्थानिक, लाकूड तिथल्या रानातले. गावोगावी ते घडत आणि दुरुस्त होत राहिले आणि १९७८ साली राष्ट्रीय वाद्य ठरले. वाद्य टिकते ते सिद्धांताच्या शुद्धतेवर नव्हे. ते मोडले तर पंचक्रोशीत कोणाला बांधता येते, यावर टिकते. पंढरपूरच्या वाटेवर पखवाजाची पुडी फाटली तर दिंडी थांबत नाही, याचे कारण तेच.

मींड नाही, म्हणून?

पट्टीवाद्याविरुद्ध नेहमीचा युक्तिवाद असा : एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि आस लगेच संपते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण १९५५ साली शिवकुमार शर्मा यांनी मुंबईत संतूर मांडले तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले. त्यांनी तारांची संख्या आणि मिळणी बदलली, वाद्य मांडीवर घेतले, काठी तारेवर घासत नेऊन नाद लांबवला. आक्षेपाला त्यांनी लेखाने उत्तर दिले नाही. वाद्य बदलून दिले. मरिंबावर दोन्ही हातांतल्या काठ्या एकाच पट्टीवर दाट, हलक्या चालवून सूर धरता येतो. मींड मात्र येणार नाही. दरबारीचा गंधार या वाद्याकडे मागू नये. मात्र भूप, दुर्गा, हंसध्वनी यांसारख्या रागांची चाल, लयकारी आणि तिहाया यांना पट्टीचा टणक, नेमका उच्चार साजेल असे मला वाटते. पेटीलाही मींड नाही. तरी आपण तिला भजनापासून ख्यालापर्यंत घरात घेतले.

भीमेकाठचा भोपळा

मग इथे, सोलापूरच्या उन्हात आणि भीमेच्या काठाला असे वाद्य घडवायचे तर ते कसे असेल?

पाश्चात्त्य मैफिलीचा पाच सप्तकांचा मरिंबा ६१ पट्ट्यांचा असतो, त्याची किंमत कित्येक लाख रुपये असते आणि तो बारा समान सुरांत पक्का बांधलेला असतो. त्याची नक्कल करणे ही देवलांनी ओळखलेली चूक शंभर वर्षांनी पुन्हा करणे होईल. जलतरंगिये रागाप्रमाणे वाडगे मांडतात. ती पद्धत घ्यावी. अडीच सप्तकांना अठरा-वीस पट्ट्या, दोरीवर सुट्या, रागाप्रमाणे बदलता येणाऱ्या. कोमल-शुद्धांच्या जोड्या पेटीत वेगळ्या ठेवाव्यात. गंधार तंबोऱ्याशी मिळवावा, पेटीशी नव्हे. गायकाचा सा बदलला तर पट्टी नव्याने तासता येत नाही, ही खरी अडचण आहे. थोड्या फरकासाठी रनातचे मेण, म्हणजे आपली कणीक, उपयोगी पडेल, मोठ्या फरकासाठी दुसरा संच लागेल.

लाकडाचा प्रश्न नाजूक आहे. मरिंबासाठी नावाजलेला होंडुरासचा रोजवूड आणि आपला शिसव एकाच डालबर्जिया कुळातले. २०१७ पासून या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांपुरती त्यांत सूट मिळाली. रोजवूडच्या खालोखाल जगभर आफ्रिकी पदौक वापरतात. आपला बिबळा त्या पदौकचा सख्खा भाऊ, दोघेही टेरोकार्पस. सरळ रेषेचा, नीट वाळलेला बिबळा सागवानाशी तुलना करून तासून पाहण्याजोगा आहे.

पट्टीखाली नाद वाढवणारी नळी लागते. एका बाजूने बंद नळीची लांबी तिच्या सुराच्या लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी. सेकंदाला १३१ कंपनांच्या सुरासाठी सुमारे ६६ सेंटीमीटर. सोलापुरात इथे हवामान आडवे येते. हिवाळ्यातल्या पहाटेच्या १५ अंशांवर मिळवलेली नळी मेच्या ४२ अंशांत जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढते. लाकूड मात्र जागेवरच असते. पट्टी वाजते आणि नळी तिला साथ देत नाही, आवाज कोरडा पडतो. म्हणून नळीचे बूड सरकते ठेवले पाहिजे. थंड देशातल्या आराखड्याची प्रत काढणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या उन्हाळ्यात कळेल.

की नळीच कशाला? आफ्रिकेत आणि ग्वाटेमालाच्या जुन्या मरिंबात पट्टीखाली सुकवलेले भोपळे टांगतात. आणि मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे पिकतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात, भीमेच्या काठाला. तंबोऱ्याला न जमणारा लहान भोपळा पट्टीखाली बसेल. त्याचे तोंड कमीजास्त कापून सूर मिळवता येतो आणि नळीपेक्षा उंची कमी लागते. ग्वाटेमालाचे कारागीर नादपात्राला छोटे भोक पाडून त्यावर पातळ पडदा ताणतात, त्यामुळे सुराला एक झणझणाट येतो. पाश्चात्त्य कारखान्यांनी तो दोष समजून काढून टाकला. जवारीवर दोरा सरकवून तंबोरा बोलका करणाऱ्या आपल्या कानाला तो दोष वाटणार नाही.

भोपळा पिकवणारा शेतकरी, शाई घोटणारा पंढरपूरचा कारागीर, तासणारा सुतार आणि उपस्वर ऐकू शकणारा वादक, चौघेही याच जिल्ह्यात किंवा शेजारी आहेत. एकमेकांना मात्र ते ओळखत नाहीत. दरम्यान बालवाड्यांत रंगीत पट्ट्यांचे कारखानी झायलोफोन येऊन पोचले आहेत, आणि मुलाच्या कानावर पहिला गंधार पडतो तो त्यांचा. शार्ङ्गदेवाने पट्टाला स्वर दिला नाही, हा त्याच्या काळाचा हिशेब होता. आज उपस्वर मोजायला खिशातला फोन पुरतो आणि तासायला कानस पुरते. अशा वेळी घनवाद्य हे तालापुरतेच असते असे पुस्तकात लिहीत राहणे म्हणजे घडवणाऱ्या हाताचे काम पाहायला आपण नकार देणे आहे. समीक्षकाने निदान एवढे करावे : काष्ठतरंग ऐकून ‘मर्यादित’ हा शब्द लिहिण्यापूर्वी पट्टी उलटी करून तिचे पोट तासलेले आहे का, ते पाहावे.